रुपयाला सहा पैसे कमी

राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट
हे आमच्या गावाला पाढ्यासारखं पाठ:
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
माझ्या फाइलीत मात्र फूट नाहीत.
कोटी आहेत.

नदीकाठची भिंत, पंपघर,
जयंती नाल्याच्या तोंडाशी झडपा,
भूसंपादन, दरसालची देखभाल.
हा खर्च.
भिंत झाली तर जे बुडणार नाही
तो लाभ.
लाभाला खर्चानं भागायचं.
एकाच्या वर आलं तर भिंत,
एकाच्या खाली आलं तर
पुढच्या वर्षी पुन्हा बैठक, पुन्हा बिस्किटं.

म्हणून चैत्रात, रखरखीत दुपारी,
मी कुंभार गल्लीत पुराची चौकशी करत फिरले.
लोक हसले. पाणी प्यायला दिलं.

प्रश्न सातवा: घरात पाणी किती उंच चढले?
मालूताई माजगावकरांनी दार लोटून चौकट दाखवली.
गेरूची एक रेघ, तिच्यावर वीतभर दुसरी,
आणि खाली पेन्सिलीच्या बारक्या रेघा,
दर वाढदिवसाची एक.
"नातवाची उंची," त्या म्हणाल्या,
"अजून पाण्याएवढा झाला नाही."

प्रश्न अकरावा: मालाचे नुकसान?
तीनशे चाळीस मूर्ती. शाडूच्या.
रंग व्हायचा होता, डोळे आखायचे होते.
माझ्या तक्त्यात त्याला म्हणतात अपूर्ण माल,
किंमत चाळीस टक्के.
मी लिहीत होते, तेवढ्यात त्यांनी हात धरला.
"थांबा बाई. पाणी ओसरल्यावर
माती खरवडून घेतली की आम्ही.
तीच पुढल्या साली मळली.
तेवढी वजा करा. खोटं कशाला लिहायचं?"
मी वजा केली.
सतरा पोती.
खालच्या कोपऱ्यातला आकडा
केसाएवढा घसरला.

रात्री पावणेदोनला उत्तर आलं:
शून्य दशांश चौऱ्याण्णव.
रुपया घातला तर चौऱ्याण्णव पैसे परत.
सहा पैशांसाठी अडलेलं गाव
खिडकीबाहेर निवांत झोपलेलं.

बारटक्के साहेबांनी चष्मा वर केला.
"वटावाचा दर आठ कशाला धरलास? सहा धर.
इतरांनीही सहाच धरलाय."
आठनं तीस वर्षांनंतरचा रुपया
आज दहा पैशांचा.
सहानं सतरा.
एका रकान्यात एक अंक बदलला
आणि भिंत उभी राहिली, एकाच्या वर,
विटेला वीट न लावता.

मी विचारलं नाही,
की उद्याची किंमत कमी धरायची हे
पहिल्यांदा कुणी ठरवलं,
आणि तो राहायला कितव्या मजल्यावर होता.

कारण माझ्याकडे आणखी एक ओळ होती.
भिंतीनं अडवलेलं पाणी विरून जात नाही.
नकाशावर ते पलीकडच्या काठानं चढतं,
चिखलीकडच्या उसात, गोठ्यांत,
चार इंच.
"ते प्रकल्पक्षेत्राबाहेर," साहेब म्हणाले,
खरंच सांगते, वाईट माणूस नाही ते.
निवृत्तीला सात महिने आहेत
आणि एकदा तरी काहीतरी बांधलेलं बघायचंय त्यांना.

चार इंच.
गाईच्या खुरापासून
गुडघ्याच्या अर्ध्यापर्यंतही नाही.
पण सतरा पोती माती वजा करून घेणाऱ्या बाईचा
हात अजून माझ्या मनगटावर होता.

मी ओळ घातली.
दर आठ असो की सहा,
उत्तर पुन्हा एकाच्या खाली गेलं,
आणि मला कळेना, आता मी कुणाचं नुकसान केलं.

आषाढात मालूताईंना फोन केला,
पोत्याचं वजन पक्कं करायला.
"भिंतीचं काय झालं हो?"
म्हटलं, हिशेब चालू आहे.
"चालू दे की.
इकडं पोरगं पहिल्या रेघेला लागलं बघा."
मागे कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं,
बंधाऱ्यावर किती झालं.